ज्यांना लायसन्स कधी नव्हतंच



इलिनॉयमध्ये पूर्वी पंच्याहत्तरी गाठली की लायसन्सच्या नूतनीकरणासाठी परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागे. कोविडच्या काळात हे वय ७९ झालं आणि २०२३ मध्ये ते कायम झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर प्रिट्झकर यांनी सही केलेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ते ८७ वर नेलं. ७९ ते ८६ वयाच्यांनी प्रत्यक्ष जाऊन डोळे तपासून घ्यायचे, ८७ नंतर दर वर्षी रोड टेस्ट द्यायची. केवळ वय झालं म्हणून रोड टेस्ट घेणारं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य.

आपल्या मंडळींमध्ये यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, ऐंशीनंतर चाव्या काढूनच घ्या, रस्त्यावर पोरंबाळं असतात. दुसरा म्हणतो, वयावरून भेदभाव होत होता, तो कमी झाला, अभिनंदन! दोघेही एका आकड्याभोवती फिरताहेत. मंडईत घासाघीस करावी तसे ७५ चे ७९ झाले आणि ७९ चे ८७. एवढ्या काळात माणसाचे डोळे आणि मान काही बदलली नाही. म्हातारे मतदार वाढले, एवढंच.

धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. १६ जुलै २००३ ला कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या शेतकरी बाजारात ८६ वर्षांच्या चालकाची गाडी घुसली आणि १० माणसं गेली. टोकियोच्या इकेबुकुरो भागात १९ एप्रिल २०१९ ला ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी मेली. त्यानंतर जपानने २०२२ च्या मेपासून नियम केला तो असा: ७५ वर्षांवरच्या ज्या चालकाने ठरावीक वाहतूक नियम मोडले असतील, त्याने रोड टेस्ट द्यावी. म्हणजे वयाबरोबर वर्तनही पाहिलं.

आणि डेन्मार्कचं ऐका. तिथे २००६ पासून सत्तरीपुढच्या चालकांची स्मृती-आकलनाची चाचणी सुरू झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गाडी चालवणाऱ्या वृद्धांचे मृत्यू त्यामुळे घटले नाहीत, पण पायी आणि सायकलवरून जाणाऱ्या वृद्धांचे वाढले. चावी काढून घेतलेला माणूस घरात बसला नाही, रस्त्यावर आला. डेन्मार्कने २०१७ मध्ये वयावर आधारित नूतनीकरणच रद्द केलं.

आता हाच माणूस शिकागोच्या उपनगरात आणून ठेवा. फुटपाथ सबडिव्हिजनच्या तोंडाशी संपतो, सर्वांत जवळचं दुकान सहापदरी रस्त्यापलीकडे. इथे लायसन्स गेलं की माणसाचं काय होतं याचा अनुभव आपल्या समाजाइतका क्वचितच कुणाकडे असेल, आणि नेमके आपणच गप्प आहोत. साठी-पासष्टीला नातवंडं सांभाळायला आलेल्या आपल्या आयांना आणि सासवांना कुणी रोड टेस्ट द्यायला सांगत नाही, कारण लायसन्स त्यांना कधी नव्हतंच. पुण्यात रिक्षाला हात करून बँकेत, भाजीला, मैत्रिणीकडे जाणारी बाई इथे आली की शनिवारची वाट पाहते. मुलाला वेळ झाला तर देऊळ, नाहीतर पुढचा शनिवार. तिच्या डॉक्टरची वेळसुद्धा सुनेच्या मीटिंगांमधून काढावी लागते. आपण याला 'आईला इथे करमत नाही' असं गोंडस नाव दिलंय. रस्ते आणि बस यांच्याबद्दलची तक्रार आपण तिच्या स्वभावात जमा केली!

नव्या कायद्यात घरच्या माणसांना जवळच्या नातेवाइकाच्या गाडी चालवण्याबद्दल अधिकृतपणे शंका कळवता येते. तरतूद योग्यच आहे. पण आपल्या घरांत ती कोण वापरणार? माझ्या ओळखीचे एक काका उलट्या रॅम्पवरून हायवेवर शिरता शिरता वाचले. मुलगा म्हणाला, 'सहा महिन्यांनी नूतनीकरण आहे, तिथे नापास होतीलच.' वडिलांशी बोलायचं धैर्य नाही म्हणून ते काम सरकारवर, आणि सहा महिने बाकीच्यांनी देवावर भरवसा ठेवायचा! बरं, तो बोलला असता तरी 'मग मी जाऊ कसा?' या काकांच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याचं उत्तर स्प्रिंगफिल्डमध्ये अर्धवट आणि टाउनशिपमध्ये बरंचसं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर विधिमंडळाने सार्वजनिक वाहतुकीला मोठा निधी देणारा कायदा मंजूर केला हे चांगलंच झालं. पण म्हाताऱ्या माणसाला दारातून उचलून दवाखान्याच्या दारात सोडणारी डायल-अ-राइडची व्हॅन अनेक ठिकाणी टाउनशिपच्या बजेटवर चालते. आमच्याकडे तिला आदल्या दिवशी फोन करावा लागतो, शनिवार-रविवार ती बंद असते आणि टाउनशिपची हद्द ती ओलांडत नाही. देऊळ हद्दीबाहेर आहे. मोठं हॉस्पिटलही.

त्या बजेटच्या बैठकीला मी गेले होते. खुर्च्या चाळीस आणि माणसं नऊ. मराठी मी एकटी. गणपतीच्या हॉलसाठी पार्किंग पुरत नाही म्हणून याच गावात आपण दीडशे सह्या जमवल्या होत्या, तेव्हा वेळ नसतो हे कारण कुणी सांगू नये.

इलिनॉयच्या टाउनशिप कायद्यात एक सोय आहे, बहुतेकांना माहीत नसलेली. साधारणपणे एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी प्रत्येक टाउनशिपची वार्षिक सभा होते, आणि तिथे ट्रस्टी नव्हे तर हजर असलेले नोंदणीकृत मतदार मत देतात. आपल्या ग्रामसभेसारखंच. मतदारांच्या अधिकारातला विषय असेल तर १५ मतदारांनी १ मार्चच्या आत क्लार्ककडे लेखी मागणी द्यायची, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो.

मागणीचा मसुदा तयार आहे: शनिवारी व्हॅन, संध्याकाळी पाचनंतर व्हॅन, आणि शेजारच्या दोन टाउनशिपपर्यंत जाण्याची परवानगी. बारा सह्या झाल्या आहेत, त्यांपैकी सात अमराठी शेजाऱ्यांच्या. आमच्या टाउनशिपच्या मतदार यादीत नाव असलेले आणखी तिघे हवे आहेत. फोन केलात तर कागद मी घरी आणून देईन. मला गाडी चालवता येते.