खेळ नवा, प्रतिस्पर्धी कोठे?

हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’ या द्वंद्वयुद्धाच्या व्हिडिओ खेळाचे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी वयाच्या ४४ व्या वर्षी जिंकले. वस्तुतः त्याच वर्षीच्या जूनमध्ये या खेळाची सहावी आवृत्ती बाजारात आली होती. नव्या आवृत्तीत डावपेच बदलतात; सेकंदाच्या साठाव्या भागात मोजायच्या हालचाली पुन्हा घोटाव्या लागतात. अर्थशास्त्राच्या भाषेत ही भांडवलाची झीजच होय. आणि तिचा वेग खेळाडू नव्हे, जपानमधील कंपनी ठरविते.

मग टिकते काय? अंतराचा अंदाज, प्रतिस्पर्ध्याच्या सवयींची पारख, हरलेल्या डावाची चिकित्सा. हे गुण एकट्याने यंत्राशी झुंजून पुरतेपणी येत नाहीत. त्यासाठी तुल्यबळ प्रतिस्पर्धी लागतो.

खेळणारे उरले नाहीत तर खेळाचे काय होते, हे सावंतवाडीने पाहिले आहे. दशावतारी गंजिफाच्या १२० पानांची चित्रकला राजघराण्याच्या पुढाकाराने वाचली. परंतु खेळणारे विरळ झाले आणि पाने बहुतांशी शोभेची ठरली.

२०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हे योग्यच झाले. परंतु केवळ मान्यतेने खेळाडू घडत नाहीत. महाविद्यालयांच्या जिमखान्यांत कॅरमशेजारी एक पडदा व दोन कंट्रोलर आले, तर सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला प्रतिस्पर्धी गावातच लाभेल. एरवी त्याच्या वाट्याला येईल ती दर आवृत्तीमागे नवी खरेदी.