प्याद्यालाही नाव असते

हातात मावणाऱ्या एका जुन्या खेळयंत्राची पंचविशी, हे निमित्त. त्यावरच्या एका युद्धखेळाची गोडी अजून ओसरलेली नाही, कारण त्यात गमावलेले परत मिळत नाही.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने 21 मार्च 2001 रोजी 'गेम बॉय ॲडव्हान्स' बाजारात आणला. त्याला यंदा 25 वर्षे झाली. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. खिडकीशी किंवा दिव्याखाली बसूनच ते खेळावे लागे. नंतरच्या सुधारित आवृत्त्या धरून जगभरात अशी आठ कोटींहून अधिक यंत्रे खपली आणि मग रीतसर अडगळीत गेली. विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे नशीबच तसे. त्यावरचे काही खेळ मात्र यंत्राबरोबर संपले नाहीत. त्यात मानाचे पान 'फायर एम्ब्लेम'चे.

ही मालिका 1990 ची. क्योटोच्या 'इंटेलिजंट सिस्टिम्स'मध्ये शोझो कागा यांनी तिची घडी बसवली. त्यांनी डावपेचांचा खेळ आणि माणसांची गोष्ट यांची मोट बांधली. पहिले सहा खेळ जपानबाहेर अधिकृतपणे गेलेच नाहीत. पुढे 2001 मध्ये निन्टेन्डोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या हाणामारीच्या खेळात मार्थ आणि रॉय हे या मालिकेतले दोन तलवारबहाद्दर झळकले, आणि हे कोण, कुठले, असे पाश्चात्त्य खेळाडू विचारू लागले. त्या कुतूहलाच्या जोरावर 2003 मध्ये मालिकेतला सातवा खेळ इंग्रजीत आला. गेम बॉय ॲडव्हान्सवरचा हाच तो खेळ. लिन, एलिवुड आणि हेक्टर हे त्याचे तीन नायक.

त्याची मांडणी पाहू. पडद्यावर एका वेळी आडवी 15 आणि उभी 10 घरे दिसतात. आपली फौज आधी हलते, मग शत्रूची. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला आणि भाला तलवारीला. धनुर्धराला शेजारच्या घरातल्या शत्रूवर बाण सोडता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे कोणी तरी ढाल होऊन उभे राहावे लागते. शस्त्रेही झिजतात. लोखंडी तलवार 46 घावांनंतर मोडते, म्हणजे कुठे ती उपसायची आणि कुठे जपायची याचा हिशेब मनात ठेवावा लागतो. इथवर हे सारे बुद्धिबळाच्या कुळातलेच.

फरक पुढे आहे. बुद्धिबळात प्यादे मारले गेले की ते पटाशेजारी ठेवायचे आणि नव्या डावात पुन्हा मांडायचे. त्याला ना नाव, ना गाव. इथे मात्र फौजेतल्या चाळीसेक जणांपैकी प्रत्येकाला चेहरा आहे, स्वभाव आहे, कोणाशी तरी नाते आहे. दोघांना काही फेऱ्या शेजारी उभे केले की ते एकमेकांशी बोलू लागतात आणि पुढे लढाईत त्याच मैत्रीचे बळ त्यांना मिळते. अशातला एखादा पडला की एखादे शेवटचे वाक्य बोलतो आणि जातो. पुढच्या प्रकरणात तो नसतो. नायकांपैकी कोणी पडले तर डावच संपतो. बाकीच्यांसाठी मात्र गोष्ट थांबत नाही.

चाल परत घेण्याची सोयही नाही. हा खेळ प्रत्येक कृतीगणिक आपली नोंद ठेवतो. यंत्र बंद करून चालू केले तरी आपण त्याच क्षणापाशी येतो. मेलेल्याला वाचवायचे तर ते अख्खे प्रकरण पहिल्यापासून खेळावे लागते, आणि असंख्य खेळाडू तेच करतात. नियमाने सांगितले म्हणून नव्हे. एका चितारलेल्या धनुर्धराला मागे टाकून पुढे जाणे जिवावर येते म्हणून. तासाभराची मेहनत अशी स्वखुशीने पाण्यात घालायला लावणारा लेखक आपण थोर मानतो. खेळ रचणाऱ्याला तो मान देताना मात्र हात आखडता घेतो.

या खेळाची शिकवण त्याच्या रचनेतच आहे. एलिवुडच्या गोष्टीच्या सुरुवातीला मार्कस नावाचा मुरलेला घोडेस्वार आपल्या बाजूने असतो. तो एकटा शत्रूची फळी कापून काढू शकतो. पण शत्रू मोजके, आणि त्यांना हरवून मिळणारा अनुभवही मोजकाच. कर्त्या माणसाने सगळेच स्वतः उरकले की घरातली पोरे नेभळट राहतात, तशी गत होते. मार्कसच्या जोरावर पहिल्या लढाया सहज जिंकणाऱ्याची फौज पुढे अवघड वेळी तोकडी पडते. याउलट निनो ही मुलगी खेळ बराच पुढे गेल्यावर येते. बाकीचे तोवर पोक्त झालेले असतात आणि ही अवघी पाचव्या पातळीवर. तिला सांभाळत, हलका शत्रू तिच्या वाट्याला देत वाढवायचे की बाजूला बसवायचे? नफ्यातोट्याचा हिशेब बाजूला बसवा असे सांगतो. तरीही तिला वाढवणारे खेळाडू जगभर आहेत.

दैवाचा वाटाही रचनाकारांनी विचारपूर्वक ठरवला. वार बसण्याची शक्यता पडद्यावर 90 टक्के दिसली तरी आतला हिशेब दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतो. त्यामुळे वार खरे तर 98 टक्के वेळा बसतो आणि 10 टक्के दिसणारा जेमतेम दोन टक्के. माणसाला 90 म्हणजे जवळपास नक्की असेच वाटते, आणि खेळ त्या वाटण्याला सांभाळून घेतो. दैव असे थोडे आवरले की हरल्यावर त्याच्यावर खापर फोडता येत नाही. धनुर्धराला उघड्यावर आपणच उभे केलेले असते.

हा खेळ छोट्या यंत्रावर शोभला, याचेही कारण आहे. त्यात बोटांच्या चपळाईला काम नाही. स्टेशन आले, यंत्र बंद केले, संध्याकाळी पुढची चाल केली, तरी काही बिघडत नाही. मधल्या वेळात डोके त्या पटावरच राहते.

पुढे काळ बदलला. 2012 मध्ये, खप घसरल्याने मालिका गुंडाळण्याची वेळ आली असताना आलेल्या 'अवेकनिंग'मध्ये पडलेले सहकारी परत येण्याचा पर्याय नव्या खेळाडूंसाठी ठेवला होता. त्या खेळाने मालिका तारली. तो पर्याय वाईट म्हणता येणार नाही. कठोर वाट निवडायची मुभा त्यातही होतीच. खरा फाटा फुटला 2017 मध्ये, 'फायर एम्ब्लेम हीरोज' मोबाइलवर आला तेव्हा. तो फुकट मिळतो. त्यात तीच पात्रे सोडतीतून निघतात आणि हवे ते निघेपर्यंत पैसे मोजत राहता येते. लढाईत पडलेला पुढच्या लढाईला ताजातवाना हजर. निन्टेन्डोच्या मोबाइल खेळांत सर्वाधिक कमाई याचीच. एकाच घराण्यातले हे दोन खेळ. एकात पात्र गमावण्याची भीती खेळाडूला विचार करायला लावते, दुसऱ्यात पात्र न मिळण्याची हुरहूर त्याचा खिसा हलका करते.

आपल्याकडे गेम बॉय क्वचितच कोणाच्या हाती होता. इथली पिढी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवरच्या मारिओवर वाढली. पण प्रश्न आपलाही आहे. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कायद्याने खेळाखेळांत फरक केला. घरोघरी तो अजून होत नाही. तिथे एकच सवाल असतो: किती तास खेळलास? त्याऐवजी पालकांनी मुलाशेजारी बसून दोन गोष्टी पाहाव्यात. या खेळात त्याला निर्णय घ्यावा लागतो का? आणि तो चुकला तर भरपाई विचाराने करावी लागते की पैशाने? विचाराने करावी लागत असेल, तर तो खेळ मुलाच्या हातून काढून घेण्याचे कारण नाही.