लहरींचें माप

आमच्या जामखेडांत काय किंवा पुण्यामुंबईस काय, वडील मंडळींचा रोष मोबाइलच्या मनोऱ्यावर असतो. आणि त्याच घरांत मूल निजवितांना उशाशीं मोबाइल ठेवलेला असतो. ह्या लहरी डोळ्यांस दिसत नाहींत, म्हणून त्या मोजतात कशा हें आधीं पाहूं.

मनोऱ्याच्या लहरी दर चौरस मीटरावर किती वॅट पडतात ह्यावरून मोजतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. गिरीश कुमार ह्यांनीं २०१० सालीं ह्या विषयावर सरकारास अहवाल दिला. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाची मर्यादा ४.५ वॅट होती. आपल्या सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून ती ०.४५ वर आणली.

हातांतील यंत्राचें माप निराळें. मनुष्याच्या मस्तकासारखा पोकळ सांचा करून त्यांत मेंदूचे विद्युद्गुण असलेला द्रव भरतात, कानाशीं यंत्र लावतात, व द्रवांत सळई फिरवून त्यांत किती ऊर्जा मुरली तें काढतात. २०१२ मध्येंच आपल्याकडे ठरलेली मर्यादा दर किलोस १.६ वॅट, तीही एका ग्रॅमच्या सरासरीवर. हा सांचा अमेरिकन सैन्यांतील थोराड पुरुषांच्या डोक्यांवरून घेतलेला आहे! मोठ्याचें माप घेतलें म्हणजे लहानाचें त्यांत आलेंच, असें कांहीं तज्ज्ञ म्हणतात. इतरांस तें पटत नाहीं. नातवाच्या आजोबांसही तें सहजीं पटूं नये.

न्यायशास्त्रांत ध्वनि वीचितरंगन्यायानें पसरतो असें मानतात. ह्या लहरीही पसरतां पसरतां विरळ होतात: मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं तीव्रता चौथाई. मनोरा दोनशें पावलांवर. यंत्र मात्र कानास चिकटलेलें. शिवाय मनोरा दूर असला म्हणजे यंत्र आपली हांक पोंचविण्यासाठीं जोर वाढवितें. बालाघाटाच्या कडेच्या वाडीवर एकच रेघ दिसत असतां तासभर बोलणाऱ्याच्या डोक्यांत, मनोऱ्याजवळ राहून तितकेंच बोलणाऱ्यापेक्षां, बहुधा अधिक ऊर्जा मुरते. मनोरा गांवाबाहेर घालवा म्हणणाऱ्यांनीं ह्याचा विचार केलेला दिसत नाहीं. शंका असल्यास मोजणी मागावी; २०१७ सालीं सरकारनें ‘तरंग संचार’ सुरू केलें, तेव्हां त्यासाठीं चार हजार रुपये शुल्क ठेविलें होतें.

२०११ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेनें ह्या लहरींस ‘कदाचित् कर्करोगकारक’ वर्गांत घातलें. ‘कदाचित्’ हा शब्द गाळून वाचूं नये, आणि त्यावर हंसूंही नये. तारका, हॅश, ०७ व पुन्हां हॅश दाबल्यास पुष्कळ यंत्रांत त्यांचा आंकडा दिसतो. सूनबाईंनीं आजच पाहावा, व तो १.६ च्या खालीं निघाला तरी मुलाच्या उशाचें यंत्र उचलून फडताळांत ठेवावें.