टीसी काढण्याआधी हिशेब मांडा

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकरच्या कॉलेजांच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, टीसी कधी भेटते?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा पुण्याला जायचं असतं. एखाद्याला मुंबईला, एखाद्याला नागपूरला. बारावीनंतर घरच्यांनी जवळ ठेवलं, आता एक वर्ष झालं, मोठ्या विद्यापीठात जाऊ, असा विचार त्यामागे असतो.

या विचारात चूक काहीच नाही. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९८३ साली हे विद्यापीठ झालं, त्याआधी आपण नागपूर विद्यापीठात होतो. या सीमा शासनाने आखल्या, विद्यार्थ्यांच्या सोयीने त्या नेहमी पडतातच असं नाही. देऊळगाव राजाच्या पोराला जालना शेजारी आणि छत्रपती संभाजीनगर अमरावतीपेक्षा जवळ. मलकापूरहून जळगाव जवळ. जिथं शिकायला बरं वाटतं तिथं जावंसं वाटणं साहजिक आहे. पण बदली मागण्याआधी हिशेब मांडला नाही, तर एक अख्खं वर्ष हातचं जातं. म्हणून आज त्या हिशेबाबद्दल बोलू.

पहिला प्रश्न असा की, आपण नेमके जातोय कुठे? 'पुणे विद्यापीठात जायचंय' असं म्हणताना डोळ्यांसमोर गणेशखिंडीतली ती जुनी दगडी इमारत असते. पण तिथल्या आवारातले विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचे. बीए, बीकॉम, बीएस्सीचा विद्यार्थी जातो तो विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात. आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कॉलेजं पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरली आहेत. म्हणजे विद्यापीठाचं नाव मोठं मिळालं तरी वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि शिकवणारे सर मिळणार ते त्या एका कॉलेजचे. ते कॉलेज तुमच्या आताच्या कॉलेजपेक्षा खरंच चांगलं आहे का? तुमच्या विषयाला तिथं पूर्णवेळ प्राध्यापक किती? प्रॅक्टिकल नियमित होतात का? तिथल्याच दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून हे विचारा. वेबसाइटवरच्या फोटोंवरून ठरवू नका.

दुसरा प्रश्न क्रेडिटचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांतही लागू झालं. आता पहिल्या वर्षाचे साधारण ४० ते ४४ क्रेडिट होतात आणि ते 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये तुमच्या नावावर जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये या बँकेचे नियम केले. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात. ऐकायला झकास वाटतं. पण बँकेत पैसे आहेत म्हणून हवी ती वस्तू दुकानात असेलच असं नाही, तसंच हे. तुमचा मेजर विषय नव्या कॉलेजात असला तरी मायनर असेलच असं नाही. इथं पहिल्या सत्रात शिकलेला पेपर तिथं तिसऱ्या सत्रात असू शकतो. कोणते क्रेडिट धरायचे आणि कोणते पेपर पुन्हा द्यायला लावायचे, हे नवं विद्यापीठ समकक्षता तपासून ठरवतं.

आणि या नियमांतली एक ओळ फार थोड्यांना माहीत असते. ज्या संस्थेची पदवी हवी, तिथून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. आता गणित करा. तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या वर्षानंतर गेलात तर दोन तृतीयांश अभ्यास नव्या ठिकाणी होतो, अडचण नाही. दुसरं वर्ष संपवून गेलात तर तिथं उरतो फक्त एक तृतीयांश. म्हणजे अट पुरी होत नाही. 'सेकंड इयर झालं की बघू' असं म्हणणाऱ्यांनी हे आजच वहीत लिहून ठेवावं. बदली करायची तर दार पहिल्या वर्षाच्या शेवटी उघडं असतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ यांचे नियम त्यांच्या त्यांच्या परिषदांचे आणि सीईटी कक्षाचे. ते वेगळे वाचा.

तिसरा प्रश्न कागदांचा. टीसी आणि मायग्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र विद्यापीठ देतं. पहिल्याचा अर्थ तुम्ही कॉलेज सोडलं, दुसऱ्याचा अर्थ तुम्ही विद्यापीठ सोडलं. एकदा टीसी हातात घेतली की जुन्या कॉलेजातली तुमची जागा संपली. नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा नसेल, किंवा समकक्षतेत अर्ज अडकला, तर तुम्ही ना इथले ना तिथले. म्हणून क्रम असा ठेवा. आधी नव्या कॉलेजात जागा आहे का ते विचारा. मग पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत देऊन समकक्षतेबद्दल लेखी उत्तर मागा. तात्पुरता प्रवेश पदरात पडला की मगच टीसी. एखादा विषय राहिला असेल तर आधी तो काढा. बॅकलॉग असताना बदली मिळणं फार अवघड जातं.

चौथा प्रश्न पैशाचा, आणि तो मोकळेपणाने घरी बोलायचा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, इतरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीला उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटी आहेत. पण ही रक्कम प्रवेश झाल्यावर, अर्ज तपासल्यावर खात्यात येते. खोलीचं डिपॉझिट आणि मेसचे पहिले दोन-तीन महिने घरूनच भागवावे लागतात. ज्या घरात सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात, तिथं जुलैमधला हा खर्च उसनवारीवर जातो. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर असतो, हेही विसरू नका. बदलीनंतर त्याचं काय करायचं ते दोन्हीकडच्या क्लार्कना विचारून घ्या.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. बदली हवी आहे ती कशासाठी? उत्तर 'एमपीएससी करायचीय' असं असेल, तर राज्यसेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, विद्यापीठाचं नाव कोणी पाहत नाही. त्यासाठी पदवीच्या मधेच उडी मारायची गरज नाही. उत्तर 'चांगले शिक्षक हवेत' असं असेल, तर 'स्वयम्' पोर्टलवरचे कोर्स बघा. आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून करता येतात. फक्त आपल्या कॉलेजने आणि विद्यापीठाने ते स्वीकारायला हवेत, म्हणून आधी विचारा. आणि उत्तर 'मोठ्या विद्यापीठाच्या आवारातच शिकायचंय' असं असेल, तर त्याची खरी वेळ पदवीनंतरची. पदव्युत्तर प्रवेशाला प्रवेश परीक्षा असते, समकक्षतेची मधली भानगड नसते, आणि तेव्हा खरोखर त्या आवारात बसायला मिळतं.

पण तुमचा विषयच इथं शिकवला जात नसेल, शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या असतील, तर जरूर जा. घाबरून थांबू नका. मुलींनी तर 'एवढ्या लांब राहशील कुठं' या एका प्रश्नावर माघार घेऊ नये. वसतिगृहाची चौकशी स्वतः करून ती घरच्यांपुढं ठेवावी.

सगळा हिशेब मुलांनीच मांडायचा, हे मात्र बरोबर नाही. धोरणात क्रेडिट घेऊन कुठंही जाता येतं असं सांगायचं आणि प्रत्यक्षात पोरानं एसटीनं चार फेऱ्या मारायच्या, यात धोरणाचा काय उपयोग? राज्यातल्या विद्यापीठांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात. दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा कॉलेजनिहाय, ठरलेल्या तारखेला जाहीर कराव्यात. समकक्षतेचा निर्णय टीसी मागण्याआधी, ठरावीक दिवसांत आणि लेखी द्यावा. आणि पहिल्या वर्षाचे निकाल इतरांचे प्रवेश सुरू होण्याआधी लावावेत, कारण निकालच नाही तर अर्ज कशाच्या जोरावर करायचा? यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

तोवर तुम्ही एक करा. येत्या आठवड्यात आपला अपार आयडी उघडून पहिल्या सत्राचे क्रेडिट जमा झालेत का ते बघा. नसतील तर कॉलेजला आजच अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. जायचं असो वा राहायचं, ते क्रेडिट तुमचे आहेत.