वैमानिकाची झोप

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा आमच्या पाहुण्या-रावळ्यांत एकच सूर होता... "या पायलट लोकांना एवढी झोप लागते तरी कशाला?" मंडळी, म्हणून हे लिहायला बसलो.

नियम काय होते बघा. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरली आणि रात्रीच्या ड्यूटीतली लँडिंग ६ वरून २ वर आणली. अंमलबजावणी रखडत, कोर्टात जाऊन, शेवटी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं! तरी पायलट पुरले नाहीत. आणि शेवटी मिळालं काय? इंडिगोलाच रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट.

पहाटे २ ते ६ या वेळात शरीर झोपच मागतं. दिवसा कितीही लोळा, ती भरून निघत नाही. रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी देणाऱ्या आमच्या लातूरकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पण त्याची डुलकी फार तर एक वाफा फोडते. २२ मे २०१० ला दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी मंगळूरला धावपट्टीपलीकडे दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपला होता, हे चौकशीत आलं. शेजारचा सहवैमानिक उतरू नका म्हणत होता, पण झोपेतून उठलेल्या डोक्याने ते ऐकलं नाही.

नांदेड-लातूरहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये आपण ड्रायव्हरच्या भरवशावर घोरत पडतो. त्याच्यासाठीही कायदा आहे, साधारण दिवसाला ८ तासांचा. पण मोजतो कोण? पायलटच्या नियमात आज ढील दिली, तर या ड्रायव्हरची बाजू कोण घेणार?

असो. विमान रद्द झालं तर जरूर चिडा. पण माणसं कमी ठेवणाऱ्या कंपनीवर चिडा, झोप मागणाऱ्यावर नको. त्याच्या झोपेवरच आपली झोप टिकून आहे.

तुम्हाला काय वाटतं?