माजी विद्यार्थिनी संघ कशासाठी?

माजी विद्यार्थिनी संघ म्हणजे वर्षातून एक मेळावा, सत्कार व अल्पोपहार, असा समज रूढ आहे. मला तो अपुरा वाटतो. पार्वतीबाई आठवले महर्षी कर्व्यांच्या आश्रमात शिकल्या आणि त्याच आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. १९१८ साली अमेरिकेसही गेल्या. माजी विद्यार्थिनीचे खरे कार्य ते हेच!

सोलापुरात विड्या वळणाऱ्या आईची मुलगी महाविद्यालयात येते, तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, बी.ए.नंतर काय करावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. माझ्याही घरात नाही. म्हणून माजी भगिनींनी वर्गणी अवश्य द्यावी. पण महिन्यातून एक दुपारही आम्हांला द्यावी. आमची पाळी येईल तेव्हा आम्हीही मागे राहणार नाही.