पेशींची तुलना : शेतकऱ्याच्या मुलास हवें असलेलें शिक्षण

सर्व सजीवांचें शरीर पेशींचें बनलेलें असतें, हें वाक्य आमच्या शाळांतील विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतें. वनस्पतीच्या व प्राण्याच्या पेशीच्या आकृति ते वहींत काढतात व त्यांस नांवें देऊन गुण मिळवितात. परंतु झाड, जनावर, बुरशी व जीवाणु यांच्या पेशी शेजारीं ठेवून कोणांत काय आहे व काय नाहीं, हें त्यांस क्वचितच विचारलें जातें. माझ्या मतें शेतकऱ्याच्या मुलास खरी गरज ह्याच प्रश्नाची आहे.

कारण उघड आहे. डाळिंबावरील तेल्या जीवाणूमुळें होतो, द्राक्षावरील भुरी बुरशीमुळें, आणि भेंडीवरील हळद्या विषाणूमुळें. आपण तिन्हींस 'रोग पडला' एवढेंच म्हणतों व दुकानदार देईल तें औषध फवारतों. पण औषध लागू पडतें तें शत्रूच्या घडणीवर. जीवाणूच्या पेशींत केंद्रक नसतें; भिंत बहुधा असते, पण ती निराळ्याच द्रव्याची. बुरशीस केंद्रक व भिंत दोन्ही असतात, परंतु भिंत कायटिनची, वनस्पतीची सेल्युलोजची. प्राण्याच्या पेशीस भिंतच नाहीं. पेनिसिलीन जीवाणूस भिंत बांधूं देत नाहीं. तशी भिंत आपल्या पेशीस नसल्यामुळें जीवाणु मरतो व रोगी वांचतो. बुरशीवर त्याचा उपयोग नाहीं. तें मुळीं एका बुरशीपासूनच मिळालें. विषाणूस तर पेशीच नाहीं. सबब हळद्यावर बुरशीनाशक फवारणें म्हणजे पैसा मातींत घालणें होय. तेथें रोगट झाड उपटावें व रोग पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. सात-बाराच्या उताऱ्यांत प्रत्येक गटास तेच रकाने असतात, म्हणूनच एक जमीन दुसरीशीं ताडून पाहतां येते. शिक्षकांनींहि असेंच पत्रक करावें. उभे रकाने पांच : आकार, केंद्रक, भिंत, भिंतीचें द्रव्य व हरितकण. आडव्या ओळीहि पांच, म्हणजे व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६९ सालीं मांडलेल्या पांच सृष्टींच्या : मोनेरा (यांतच जीवाणु येतात), प्रोटिस्टा, बुरशी, वनस्पति व प्राणी. जें नाहीं तेथें रकाना कोरा न ठेवतां 'नाहीं' असें लिहावें; नसणें हीहि एक नोंदच आहे.

नमुने घरचेच आहेत : आयोडीनच्या थेंबांत ठेवलेला कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आंतून हलकेच खरवडलेला अंश, शिळ्या भाकरीवरील बुरशी, डबक्याचें पाणी आणि ताक. कांद्याच्या पापुद्र्यांत हरितकण दिसत नाहींत, तेव्हां चाणाक्ष मुलगा विचारील, "गुरुजी, मग कांदा वनस्पति कसा?" शिक्षण येथेंच सुरू होतें. कांदा हा सांठवणीचा भाग; अन्न तयार करण्याचें काम पातीचें, आणि पातींत हिरवे कण सांपडतात. एकाच खुणेवरून निकाल देऊं नये, सर्व रकाने पाहावे, हा धडा पुढें शेतांत पानावरील डाग पाहतांना उपयोगीं पडतो.

खेड्यांतील शाळेस सूक्ष्मदर्शक कोठून, असा आक्षेप येईल. मनु प्रकाश व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत तयार केलेला, कागदाच्या घडीचा फोल्डस्कोप २०१४ सालीं जगापुढें आला. कांद्याची पेशी पाहण्यास तो पुरतो. कांद्याची पेशी सुमारें पाव मिलिमीटर लांब, तर जीवाणु मिलिमीटरच्या एक-दोन सहस्रांशांएवढा. त्यासाठीं मोठें यंत्र किंवा चांगलें चित्र लागेल. तालुक्यास एक चांगला सूक्ष्मदर्शक घेऊन तो शाळाशाळांतून फिरविणें आपल्या संघास अशक्य नाहीं.

परीक्षेंत आकृतीस गुण असतात, तुलनेस नसतात, असेंहि कोणी म्हणेल. तर मग प्रश्नपत्रिका बदलण्याची मागणी पालकांनींच करावी. चुकीच्या औषधाचा खर्च शेवटीं त्यांच्याच खात्यावर पडतो.

— एक निवृत्त महसूल कारकून